व्हय म्हाराजा, नो प्रॉब्लेम सर

गुदैबिया, मनामा, बहारीन.
शुक्रवार, सकाळची पूजा आटोपल्यावर.

आदरणीय यशवंतभाई यांस तुकारामचा नमस्कार. (एरवी दोन्ही हात जोडून करतो. या खेपेस मान जरा जास्तच खाली आहे असं समजावं.)

इकडे रवळनाथाच्या कृपेने सगळं बरं आहे. रखमाची तब्येत उत्तम आहे, इतकी की माझ्याशी एक शब्द न बोलता ती दिवसभर घरकाम जोरात करते आणि भांड्यांच्या आवाजावरून तिचं मत मला कळत राहतं. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींनी पथ्य सोडलं नसेल अशी आशा आहे. इथली हवा आता बदलली. माणसं पुन्हा पायी चालताना दिसू लागली आहेत. एसीची घरघर थांबल्यामुळे शेजारच्या शरीफुन्निसाबाईंच्या घरातलं बोलणं आम्हाला ऐकू येतं आणि आमचं त्यांना. त्यामुळे तुमच्या सागरच्या प्रकरणात त्यांनीही माझ्याविरुद्ध मत दिलं आहे. त्या हैदराबादच्या, त्यांना मालवणी कळत नाही, पण सूर कळतो म्हणे.

तुम्ही म्हणाल, फोन असताना हा कागद कशाला काळा केला. भाई, राग मानू नये. तुम्ही देवळात गाऱ्हाणं घालता तेव्हा सगळा गाव मध्ये न बोलता नुसता ‘व्हय म्हाराजा’ म्हणत ऐकतो, ती सवय तुम्हाला फोनवरही लागली आहे. मी ‘भाई, त्याचं असं झालं’ इथपर्यंत येतो आणि पुढे काय झालं ते तुम्हीच मला सांगता. परवा तर मी रडीचा डाव खेळलो, सासुरवाडीचं नाक कापलं आणि आता आमच्या गावच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला तुम्ही पाऊल ठेवणार नाही, एवढं सगळं माझ्या एका ‘हॅलो’वर झालं. भावाशिवाय वास्तुशांत होणार नाही असं रखमाने त्याच संध्याकाळी जाहीर केलं. (माझ्याशी न बोलता, भिंतीकडे बघून.) म्हणजे मे महिन्यात घर तयार, भटजी तयार आणि आम्ही अंगणात उभे. म्हणून आपल्या वाडीतला संदेश सुट्टीवर गावी निघालाच आहे तर त्याच्या हाती हे पत्र देतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तुमच्या कानावर आलं ते असं, की बास्केटबॉलच्या संघासाठी खेळाडू निवडणाऱ्या तिघांत मी होतो, बायकोचा सख्खा भाचा, तुमचा सागर, सहा फूट चार इंच, समोर येऊन बसला, आणि मी त्याला सोडून पुण्याच्या कुणा साहेबाचा मुलगा घेतला. हे खरं आहे. पण खऱ्याला मागचं-पुढचं असतं, आणि ते मी सांगितल्याशिवाय तुम्हाला कोण सांगणार? सागर सांगणार नाही. तो फार चांगला मुलगा आहे. मला तर त्याच्या चांगुलपणाचाच जास्त त्रास झाला.

आधी हा खेळ कसा आहे ते सांगतो. इथे हिवाळ्यात हौशी लोकांची एक स्पर्धा असते. त्यात आपल्या मराठी मंडळींचा संघ आहे, नाव ‘मावळे’. उंचीच्या मानाने नाव योग्यच आहे. मालक विवेक साहेब. ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि उम्म अल हस्समला राहतात. मी कंपनीच्या गाड्यांचं बघतो, त्यामुळे संघाची बस माझ्याकडे. गेल्या वर्षी मावळे सर्वांत शेवटी आले. आणि इथला कायदा असा, की शेवटी येईल त्याने नव्या खेळाडूंमधून सर्वांत आधी निवडायचं. भाई, मी हे ऐकलं तेव्हा मला गहिवरून आलं. आपल्याकडे शेवटच्या पंगतीला आमटीचं पाणी आणि वाढप्याचं तोंड एवढंच मिळतं. इथे शेवटच्या पंगतीला पहिलं पान! देवाच्या दारी असाच हिशेब असणार असं मला वाटलं, आणि तसं मी विवेक साहेबांना बोललोही. ते म्हणाले, तुकाराम, ह्याला ड्राफ्ट म्हणतात. म्हणतात तर म्हणोत. शाळेत आपण हुतूतूला दोघे दोघे खांद्यावर हात टाकून यायचो आणि ‘कोणाला हवा चाफा, कोणाला हवा मोगरा’ विचारायचो, तेच हे. फक्त इथे चाफ्याने आधी मुलाखत द्यायची असते.

ही मुलाखत हाच सगळ्याचा घोळ. नियम असा, की निवड व्हायच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक नवा खेळाडू प्रत्येक संघासमोर थोडा वेळ खुर्चीत बसतो आणि संघाचे तिघे त्याला प्रश्न विचारतात. खेळ त्यांनी आधीच पाहिलेला असतो, आता माणूस बघायचा. आमचे तिघे म्हणजे विवेक साहेब, हेमा मॅडम आणि मी. हेमा मॅडम मुंबईच्या. एका मोठ्या कंपनीत माणसं घेणं आणि काढणं हेच त्यांचं काम. माझा नंबर कसा लागला म्हणाल, तर कंपनीचे ड्रायव्हर मी निवडतो हे विवेक साहेबांना माहीत होतं. माझी पद्धत साधी आहे. माणसाला गाडीत बसवायचं आणि गप्प राहायचं. जो चावी फिरवण्याआधी आरसा नीट करतो तो घ्यायचा. साहेबांना हे फार आवडलं. पण बास्केटबॉलच्या खुर्चीला आरसा नसतो हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आता सागर. तो इथे एसीच्या कामावर आला तेव्हापासून हा खेळ खेळतो आहे. कामावरून सुटला की गुदैबियातून चालत मैदान गाठतो. गावी त्याची उंची म्हणजे सगळ्यांची काळजी होती. (तुम्हीच त्याला दाराच्या चौकटीला हळद-कुंकू वाहायला लावलं होतंत, तिला रोज त्याचं कपाळ सोसावं लागायचं म्हणून.) इथे पहिल्यांदा त्याच्या उंचीला कुणीतरी चांगलं म्हणालं. त्याला मावळ्यांतच खेळायचं होतं. एकदा बसमध्ये मागून येऊन म्हणाला, काका, तुमच्याच बशीतसून जावक मिळात. एवढंच. त्याने दुसरं काही मागितलं नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, मला ते अजून विसरता येत नाही.

मी त्याला मुलाखतीसाठी तयार करायचं ठरवलं. ह्यात गैर काय? परीक्षक घरचा असला तरी अभ्यास मुलाचाच. (रखमाला हे पटलं होतं. विवेक साहेबांना मी विचारलं नव्हतं.) पण भाई, मला मुलाखत माहीत होती ती एकच, आपली सगळ्यांची, मुंबईच्या एजंटाच्या ऑफिसातली. बाहेर जिन्यापर्यंत रांग, आत पंख्याखाली अरब साहेब, आणि एजंटाने दारातच कानात सांगितलेला मंत्र: काहीही विचारलं तरी येस सर, अडचणीचं विचारलं तर नो प्रॉब्लेम सर, आणि शेवटी आपण होऊन विचारायचं, फूड-अकोमोडेशन? हा संदेशच बघा. त्याला ‘वेल्डिंग?’ विचारलं, तो येस सर म्हणाला. तोवर त्याचा ठिणग्यांशी संबंध फक्त दिवाळीतल्या फुलबाजीपुरता. आज तो वेल्डिंगचा फोरमन आहे. ह्या मंत्राने आपली निम्मी वाडी समुद्रापार आली. मी तोच मंत्र सागरला दिला. आणि आता विचार करतो तेव्हा वाटतं, एजंटाला तरी शिकवावं का लागलं? आपण लहानपणापासून देवळात उभं राहून, पुढे काय मागणं चाललंय ते नीट ऐकू न येताही, ‘व्हय म्हाराजा’ म्हणत वाढलो. होकार आपल्या घशातच आहे.

मुलाखती उम्म अल हस्सममध्ये एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये होत्या. खाली कोळशावर कोंबड्या भाजत होत्या आणि वर मुलं. कोपऱ्यात स्पर्धेच्या सेक्रेटरी आमिनाबाई बसल्या होत्या. त्या इथल्याच, बहारीनच्या. कुणाचा वेळ संपला की ‘यल्ला’ म्हणत टेबलावर पेन आपटायच्या. विवेक साहेबांपुढे लॅपटॉप. त्यात आत्मविश्वास, शिस्त, संघभावना असे रकाने आणि प्रत्येकाला दहापैकी मार्क. (संघभावनेत साडेसात म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलं. साहेब म्हणाले, आठपेक्षा कमी.) हेमा मॅडमचे प्रश्न मात्र मी जन्मात ऐकले नव्हते. तू प्राणी असतास तर कोणता असतास? तुझं सर्वांत मोठं अपयश कोणतं? तुझे मित्र तुझ्या पाठीमागे काय बोलतात? मला वाटलं, मुलं उठून जातील. पण एकजात सगळी तयार होती. पाच जण लांडगे निघाले. आपल्या वाडीत एवढे लांडगे शिरले असते तर लोक काठ्या घेऊन धावले असते. इथे प्रत्येकाला नऊ मार्क.

त्यात सर्वांत वरचढ ऋत्विक. पुण्याकडच्या एका बँक अधिकाऱ्याचा मुलगा, उंच, देखणा, इंग्रजी असं की ऐकताना खुर्चीला पाठ टेकावी. अपयश विचारलं तर म्हणाला, मी संघाची जरा जास्तच काळजी करतो. भाई, अपयश असं वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरून वाढलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मी भारावून गेलो. बसल्या बसल्या माझी स्वतःची अपयशं मी तशी सजवून पाहिली, पण ती तशी दिसेनात.

मग सागर आला. दारातून वाकूनच आला, ती सवयच झाली आहे त्याला. शर्ट माझा होता, बाह्या कोपरापर्यंतच पोचल्या होत्या. मी त्याला बजावलं होतं की आत मला काका म्हणायचं नाही, ओळख दाखवायची नाही. विवेक साहेब म्हणाले, स्वतःबद्दल सांग. त्याने आपल्याकडच्या रीतीने तुमचं नाव, आजोबांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड सांगितला. इथपर्यंत ठीक होतं. नंतर मंत्र सुरू झाला.

पास द्यायला आवडतं की स्वतः बास्केट मारायला? येस सर. म्हणजे दोन्ही? येस सर. कोणत्या जागेवर खेळतोस? ऑल, सर. कधी दुखापत? नो प्रॉब्लेम सर. म्हणजे झाली होती की नव्हती? येस सर. हेमा मॅडमनी अपयशाचं विचारलं, तो म्हणाला, नो सर. (मॅडमनाही सरच.) आयुष्यात एकदाही नाही? नो सर. त्याची दहावीच्या गणिताची दोन्ही वेळची मार्कलिस्ट मी स्वतः पाहिली आहे. विवेक साहेब म्हणाले, आम्ही तुला बराच काळ नुसतं बेंचवर बसवलं तर? त्याचा चेहरा उजळला. येस सर, फुल टाइम! शेवटी मॅडमनी प्राणी विचारला. ह्याचं उत्तर आम्ही तयार केलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. मग तो धीर करून म्हणाला, एनी, सर. विच इज अव्हेलेबल.

मी माझीच वाक्यं त्याच्या तोंडून ऐकत होतो. माझ्या शर्टात माझीच मुलाखत बसली होती. ‘संपलं असेल तर जाऊ शकतोस’ असं मॅडम म्हणाल्यावर त्याने मन लावून शेवटचा प्रश्न विचारला, सर, फूड-अकोमोडेशन? आणि उठला, आणि जे मी शिकवलं नव्हतं ते केलं. सवयीने वाकून माझ्या पाया पडला. पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ओळख दाखवायची नाही. मग सारवासारव म्हणून तो विवेक साहेबांच्या पाया पडला, हेमा मॅडमच्या पडला (त्या जेमतेम चाळिशीच्या, त्यांनी पाय खुर्चीवर घेतले), आणि एवढ्यावर थांबावं तर थेट कोपऱ्यात आमिनाबाईंकडे गेला. एवढा उंच माणूस आपल्या पायांशी का घडी होतो आहे हे त्यांना कळेना. त्या ‘ला! ला!’ (म्हणजे नको, नको) करत खुर्चीसकट मागे सरकल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. ते त्याने उचलून जागेवर लावलं, हात नुसता वर करून. तिथवर कुणाचा हात पोचत नाही म्हणून ते ऑगस्टवरच राहिलं होतं, तेही त्याने चालू महिन्यावर आणलं.

हेमा मॅडम माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, तुकाराम, तुम्ही ह्याला ओळखता का? भाई, मी खरंच सांगणार होतो. पण खरं आधी मनात मराठीत तयार होतं, मग त्याचं इंग्रजी करावं लागतं, त्याला वेळ जातो. तेवढ्यात दारापर्यंत गेलेला सागर परत वळला आणि म्हणाला, “काका, आत्येन सांगल्यान, येताना कोथमीर घेवन येवा.”

त्यानंतर काही सांगायचं उरलं नाही.

आता खरी गोष्ट ऐका, कारण तुमचा राग इथेच आहे. मतं घ्यायची वेळ आली. विवेक साहेबांनी लॅपटॉप बघून ऋत्विकचं नाव घेतलं. हेमा मॅडमनी सागरचं. मला वाटलं चेष्टा करतात. त्या म्हणाल्या, “दिवसभरात ज्याचं खोटं मला कळलं असा हा एकटाच. बाकीच्यांचं कळलंच नाही. मला हा चालेल.” म्हणजे एकाला एक आणि तिसरं मत माझं. साहेब म्हणाले, तुकाराम, नात्याचं आम्ही मनात धरत नाही, तुम्हाला वाटेल ते सांगा.

मी डोळे मिटले. समोर रवळनाथ आला, पण कौल द्यायला त्याच्याजवळ फूल नव्हतं. मग मनात आलं, आपला माणूस आहे म्हणूनच आपण त्याला घेता कामा नये. लोक काय म्हणतील? मी ऋत्विकचं नाव घेतलं. आणि भाई, त्या क्षणी मला इतकं पवित्र वाटलं, की बस चालवत परत येताना सिग्नलला मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. पाठीमागे हॉर्नचा गजर चालला होता, मला तो देवळातला वाटला. गुदैबियाला पोचेपर्यंत हे टिकलं. दार रखमाने उघडलं. तिने आधी माझे रिकामे हात पाहिले, मग माझं तोंड.

“माझ्या भावाचो झिल तुमका दिसाक नाय?” ती म्हणाली. “सगळ्या बहारीनाक दिसता तो!”

हे तिचं माझ्याशी सरळ बोललेलं शेवटचं वाक्य. त्यानंतरचं सगळं भिंतीशी. जेवणात कनाद (म्हणजे आपली सुरमई) असली की शेपटाकडची तुकडी माझी. मधली सागरची, तो आला नसला तरी झाकून ठेवायची.

सागरचं वाईट काहीच झालं नाही, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आमच्यानंतर निवडायची पाळी बुदैयाच्या संघाची होती. त्यांचा कप्तान एक फिलिपिनो दंतवैद्य आहे. त्याच्यापुढे सागर आमच्याकडूनच उठून गेला होता, मंत्र संपलेला, तोंड उतरलेलं. दंतवैद्याने रोजच्या सवयीने एवढंच विचारलं, कुठं दुखतंय? आणि आपलं पोर मोकळं झालं. गार हवेत उजवा गुडघा दुखतो, डाव्या हाताने बास्केट होत नाही, फ्री थ्रोला उभा राहिलो की हात थरथरतो, आणि आमचे काका माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. दंतवैद्य म्हणाला, हे सगळं बरं होण्यासारखं आहे. आणि त्यांनी त्याला घेतला. हे मला सागरनेच सांगितलं, हसत हसत. बघा, आम्ही तिघांनी त्याला एवढे प्रश्न विचारले, पण तुला काय येत नाही हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आणि विचारलं असतं तरी, माझ्या शिकवणीमुळे, त्याने येस सरच म्हटलं असतं.

पहिलाच सामना मावळे विरुद्ध बुदैया. आता लपवून उपयोग नाही. ऋत्विक वाईट खेळला नाही, चार-सहा बास्केट सुंदर मारल्या. पण तो चुकला की का चुकलं हे फार छान समजावून सांगतो, आणि तो सांगत असतो तेवढ्यात बॉल दुसरीकडे गेलेला असतो. सागर काहीच सांगत नाही. तो बास्केटखाली उभा राहतो आणि वर गेलेली प्रत्येक वस्तू आपलीच आहे, माडावरचा नारळ असावा तशी, असं समजून काढून आणतो. ऋत्विकने मारलेला बॉल त्याने तीनदा हवेतच अडवला आणि तिन्ही वेळा ‘सॉरी’ म्हणाला. रखमा बुदैयावाल्यांच्या बाजूला त्यांची निळी टोपी घालून बसली होती, शेजारी शरीफुन्निसाबाई, त्यांनाही टोपी. “मार रे झिला!” असं ती ओरडली ते ह्या देशात पहिल्यांदाच कुणी ओरडलं असेल. आम्ही किती फरकाने हरलो ते विचारू नका. हेमा मॅडमनी सामना संपल्यावर माझ्याकडे नुसतं बघितलं. माणसं काढायची त्यांची नजर तीच असावी.

तर भाई, झालं ते असं. माझा हेतू शुद्ध होता, एवढं तरी तुम्ही मान्य करावं. नात्यासाठी न्याय वाकवायचा नाही ही शिकवण तुमच्याच देवळात उभं राहून घेतलेली आहे. त्यात मला दुःख नाही. सागर जिथे आहे तिथे सुखात आहे, त्याचं कौतुक होतं, आणि माणसाने जिथे कौतुक होतं तिथेच राहावं असं माझं ठाम मत आहे. तुम्ही राग सोडून वास्तुशांतीला यावं, माहेरचं पाऊल आधी उंबऱ्यात पडावं, ह्यापलीकडे माझं काही मागणं नाही.

थोरांना नमस्कार, पोरांना पाठीवर थाप, आणि तुमच्या गुडघ्याला आराम पडो ही रवळनाथाचरणी विनंती.

तुमचा,
आणि अजूनही तुमच्या बहिणीचा,
तुकाराम

ता. क. १: संदेशकडे खजूर आणि दुधाची पावडर पाठवली आहे. खजूर वहिनींना पथ्यात चालत नसतील तर तुम्ही खावे, पण त्यांच्यासमोर नको.

ता. क. २: एक बारीकशी गोष्ट वर लिहायची राहिली. स्पर्धेच्या मध्यावर संघांना आपसात खेळाडूंची अदलाबदल करता येते, मात्र खेळाडूने स्वतः हो म्हणायला हवं. विवेक साहेबांनी नवे रकाने करून पाहिले, त्यात सागरला नऊ आले. ते म्हणतात, ऋत्विकला देऊन सागरला आणा आणि हे काम तुकारामचं. कौतुकाबद्दल मी वर जे लिहिलं ते सर्वसाधारण माणसाबद्दल होतं. मुलाला खरा मान आपल्या माणसांतच मिळतो. तेव्हा तुम्ही वडील या नात्याने सागरला दोन शब्द फोनवर सांगावे. तुमच्यापुढे तो ‘व्हय’शिवाय काही म्हणणार नाही. आणि तुम्ही समोरच्याला मध्ये बोलू देत नाही हा तुमचा गुण मी वर वेगळ्या अर्थाने लिहिला आहे, तो कृपया चांगल्या अर्थाने वाचावा.

ता. क. ३: मी स्वतः प्रयत्न केला नाही असं नाही. गेल्या शुक्रवारी सागर जेवायला आला तेव्हा विषय काढला. तो म्हणाला, नियमाप्रमाणे आता खेळाडू संघाची मुलाखत घेतो, तुम्ही बसा. मी बसलो. रखमा मागे उभी राहिली, आमिनाबाईंसारखी, हातात डाव. त्याने विचारलं, काका, माका बेंचवर बसवशात? मी म्हणालो, नो प्रॉब्लेम सर. म्हणजे बसवशात? नाही सर. बशीत पुढची सीट? येस सर. उद्या कोण तुमका विचारल्यान, ह्यो तुमचो कोण, तर खिडकीभायर बघशात? ह्याला मला मंत्र सुचला नाही. मी म्हटलं, नाही रे बाबा. मग त्याने सुरमईची मधली तुकडी संपवली, हात धुतले आणि म्हणाला, कळवतो. भाई, मुंबईच्या जिन्यावर ‘कळवतो’ ऐकून घरी परतलेली माणसं तुम्हाला-मला माहीत आहेत. तेव्हा फोन लवकर करावा.

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या हातचं अक्षर:)

दादा, संदेशाकडसून पाकीट मागून घेवन वाचलंय. सागर ह्यांच्याच टीमीत येतलो. त्येणा परवाच माझ्याकडे कबूल केल्यान. दातांचो डॉक्टर पण तयार आसा, त्येका तो ऋत्विक आवडलो, तोंड भरपूर उघडता म्हणान. तू वास्तुशांतीक ये, पण ह्यांका इतक्यात काय कळवू नको. हल्ली ते न सांगता कोथमीर आणतत.